राज्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण कोण चालवते? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

अमेरिकेतील राज्यांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणांविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रे तिथे राहणाऱ्या किंवा शिकायला गेलेल्या मराठी वाचकांची आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

देशाचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण (यूएसजीएस) असताना प्रत्येक राज्याने वेगळे सर्वेक्षण कशाला पोसायचे? एकच काम दोनदा होत नाही का?
— वाचक, न्यू जर्सी

मुळात राज्यांची सर्वेक्षणे आधीची आहेत आणि यूएसजीएस नंतरचे. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने 1823 मध्ये वर्षाला 250 डॉलर मंजूर केले आणि प्राध्यापक डेनिसन ऑल्मस्टेड यांच्यावर राज्याच्या भूवैज्ञानिक पाहणीचे काम सोपवले. मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड हिचकॉक यांचे काम 1830 मध्ये सुरू झाले, तुमच्या न्यू जर्सीत हेन्री डार्विन रॉजर्स यांचे 1835 मध्ये. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया 1836 मध्ये या कामात उतरले. यूएसजीएसची स्थापना झाली 3 मार्च 1879 रोजी. तोवर कितीतरी राज्यांचे नकाशे, अहवाल आणि जीवाश्मांचे संग्रह तयार झाले होते.

आजची वाटणी अधिकारांतून आली आहे. भूजलावर कोणाचा हक्क, विहीर खोदायचा परवाना कोणी द्यायचा, खाण बंद झाल्यावर जमीन कशी पूर्ववत करायची, तेलविहिरींत किती अंतर ठेवायचे, हे बहुतांशी राज्याच्या कायद्याने ठरते. त्या निर्णयांना लागणारी माहिती राज्याच्या हाताशी हवी. काउंटीच्या इंजिनिअरला पुलाच्या पायाखाली चुनखडीतल्या पोकळ्या आहेत का हे उद्या सकाळी हवे असते. ते सांगू शकणारा माणूस त्याच भागात वीस वर्षे हिंडलेला असावा लागतो.

काम दोनदा होऊ नये याची व्यवस्थाही आहे. नकाशांकनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात यूएसजीएसचे स्वतःचे नकाशे एका शाखेत आणि राज्यांचे ‘स्टेटमॅप’ या दुसऱ्या शाखेत होतात. कोणता भाग आधी करायचा हे ठरवताना राज्यातल्या सल्लागार समितीचा कौल घ्यावा लागतो. विहिरी खोदणारे, नियोजनकार, रस्ते खात्याचे लोक आणि विद्यापीठातले अभ्यासक अशी मंडळी या समितीत असली तर प्राधान्यक्रम खरा उतरतो. समिती फक्त भूवैज्ञानिकांची असेल, तर ज्या भागाचे खडक अभ्यासाला रंजक तोच भाग दरवर्षी यादीत वर येतो.

कॅन्ससचे सर्वेक्षण विद्यापीठात आहे आणि ओहायोचे सरकारी खात्यात. हा फरक कशामुळे? कोणती रचना चांगली?
— वाचक, ओहायो. याच आशयाची आणखी दोन पत्रे

ढोबळ मानाने दोन घराणी आहेत. कॅन्सस, इलिनॉय, केंटकी, ओक्लाहोमा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इंडियाना, नेवाडा, मोंटाना, न्यू मेक्सिको या राज्यांची सर्वेक्षणे विद्यापीठांशी जोडलेली आहेत. टेक्सासचा ‘ब्युरो ऑफ इकॉनॉमिक जिऑलॉजी’ही ऑस्टिनच्या विद्यापीठात आहे. ओहायो, मिसुरी, युटा, वॉशिंग्टन आणि अलास्का यांची सर्वेक्षणे नैसर्गिक संसाधन खात्यात, कॅलिफोर्नियाचे संवर्धन खात्यात, फ्लोरिडाचे पर्यावरण खात्यात. न्यूयॉर्कची तऱ्हा निराळी. तिथले सर्वेक्षण राज्य संग्रहालयाचा भाग आहे आणि संग्रहालय शिक्षण विभागाखाली येते. हा फरक कोणी आराखडा आखून केलेला नाही. त्या त्या राज्यात पहिले काम प्राध्यापकाने केले की खाणींच्या निरीक्षकाने, आणि पुढे पैसा कोणाच्या खात्यातून आला, यावर ते ठरत गेले.

विद्यापीठातल्या सर्वेक्षणाला प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि संशोधन अनुदानांची दारे उघडी असतात. राज्यपाल बदलले म्हणून संचालक सहसा बदलत नाही. तेल कंपनीला न आवडणारा निष्कर्ष छापायचा असेल तर विद्यापीठाची भिंत पाठीशी असते. ती किती भक्कम हे मात्र कुलगुरूंवर अवलंबून असते. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. काउंटीचा नकाशा, विहिरींच्या नोंदींची दुरुस्ती, शेतकऱ्याच्या फोनला दिलेले उत्तर यांना गुण नसतात. अशा ठिकाणी हुशार तरुण भूवैज्ञानिक दोन वर्षांत नकाशांकन सोडून निबंधांकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. यावर उपाय एकच: सर्वेक्षणातल्या पदांचे मूल्यमापन शिक्षकांच्या पदांपेक्षा वेगळ्या निकषांवर करायचे आणि ते निकष नेमणुकीच्या पत्रातच लिहायचे.

खात्यातले सर्वेक्षण निर्णयाच्या जवळ असते. दरड कोसळली की त्याच इमारतीतल्या आपत्ती आणि वन विभागाला तासाभरात नकाशा मिळतो. इथला धोका म्हणजे नोकरभरतीवरची सरसकट बंदी. राज्याची तिजोरी आटली की रिकामी पदे गोठवली जातात. मग केंद्राच्या अनुदानाचे पैसे हातात असूनही माणूस नेमता येत नाही आणि अनुदान परत जाते.

काही ठिकाणी एकाच संस्थेकडे अभ्यास आणि नियमन दोन्ही असते. ओरेगनचे ‘डोगामी’, म्हणजे भूविज्ञान आणि खनिज उद्योग खाते, नकाशे काढते आणि खाणींना परवानेही देते. अलाबामात राज्य भूवैज्ञानिकच राज्याच्या तेल आणि वायू मंडळाचा पर्यवेक्षक असतो. याउलट कॅन्सस सर्वेक्षण नियमन करत नाही आणि तसे ते स्वतः उघड सांगते. आमचा कल कॅन्ससच्या बाजूने आहे. ज्याच्याकडून दंड होऊ शकतो त्याला खाणमालक स्वतःहून बोअरच्या नोंदी देत नाही. नियमन नसलेल्या सर्वेक्षणाकडे अशा नोंदी वर्षानुवर्षे जमत जातात. अलाबामाच्या रचनेचाही एक फायदा मान्य करायला हवा: तेलविहिरींची माहिती कायद्यानेच येते, मागावी लागत नाही.

कोणती रचना चांगली, याचे आमचे उत्तर असे की घर कोणते यापेक्षा कायद्यात काय लिहिले आहे ते पाहा. सर्वेक्षणाची कामे कायद्यात नावानिशी आहेत का? अर्थसंकल्पात त्याची स्वतंत्र ओळ आहे का? ऍरिझोनाचे सर्वेक्षण 2016 मध्ये स्वतंत्र राज्य संस्थेतून ऍरिझोना विद्यापीठात गेले. जबाबदाऱ्या सोबत गेल्या, राज्याचा आधीचा निधी मात्र गेला नाही. उलट ओक्लाहोमात सर्वेक्षणाची तरतूद थेट राज्यघटनेत आहे, त्यामुळे एखाद्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ते नाहीसे करता येत नाही. अर्थात घटना अस्तित्व टिकवते, पदे भरत नाही.

राज्य भूवैज्ञानिकाला नेमतो कोण? तो स्वतः खडक पाहतो की फक्त सह्या करतो?
— विद्यार्थिनी, कोलोरॅडो

नेमणुकीच्या पद्धती राज्यागणिक वेगळ्या. कॅलिफोर्नियात राज्य खाण आणि भूविज्ञान मंडळ नावे सुचवते आणि संवर्धन खात्याचा संचालक नेमणूक करतो. उमेदवाराला खनिजे, संरचनात्मक भूविज्ञान, भूकंपशास्त्र आणि अभियांत्रिकी भूविज्ञान यांची जाण असावी अशी अट कायद्यातच आहे. ओरेगनमध्ये राज्यपालांनी नेमलेले पाच जणांचे मंडळ निवड करते. अलास्कात नैसर्गिक संसाधन खात्याचा आयुक्त नेमतो. विद्यापीठांत शोधसमिती, जाहीर व्याख्यान, मुलाखती असा प्राध्यापकाच्या नेमणुकीसारखा क्रम असतो. पन्नास राज्यांच्या आणि प्वेर्तो रिकोच्या राज्य भूवैज्ञानिकांची संघटना 1908 पासून चालू आहे. नवा माणूस पदावर आला की अर्थसंकल्पापासून कोअरच्या (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलांच्या) गोदामापर्यंतचे अनुभव त्याला तिथे मिळतात.

खडक पाहायला वेळ कमीच मिळतो. विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष, पुढच्या वर्षीची मागणी, केंद्राच्या अनुदानांचे प्रस्ताव, छपाईला जाणाऱ्या नकाशांना मंजुरी आणि भूकंप किंवा दरड कोसळल्यावर पत्रकारांना उत्तरे, यात वर्ष सरते. हाताखाली सर्वसाधारणपणे नकाशांकन, भूजल, खनिजे आणि ऊर्जा, भूसंकटे, प्रयोगशाळा, जीआयएस (संगणकीय नकाशे) आणि प्रकाशन, नमुन्यांचे गोदाम असे विभाग असतात. लहान राज्यात एकच माणूस तीन विभाग सांभाळतो.

बाहेरून न दिसणारी अडचण प्रकाशन विभागात असते. क्षेत्रावर पाच भूवैज्ञानिक आणि आत एकच नकाशाकार व संपादक अशी स्थिती सर्रास दिसते. मग तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेला नकाशा तपासणीच्या रांगेत पडून राहतो, ज्याने काढला तो निवृत्त होतो, आणि त्याच्या वहीतल्या खुणांचा अर्थ लावायला कोणी उरत नाही. चांगला संचालक नवे पद मिळाले की आधी संपादक भरतो, मग सहावा भूवैज्ञानिक.

नेतृत्वाने काय फरक पडतो याची दोन जुनी उदाहरणे समोरासमोर ठेवण्याजोगी आहेत. न्यूयॉर्कच्या 1836 च्या सर्वेक्षणाने राज्याचे चार भाग पाडून प्रत्येकावर एक भूवैज्ञानिक नेमला. त्यांनी लवकरच दाखवून दिले की न्यूयॉर्कमधले थर कोळसा देणाऱ्या थरांपेक्षा जुने आहेत, तेव्हा इथे दगडी कोळशासाठी खणणे व्यर्थ. हे नकारार्थी उत्तर लोकांच्या उपयोगाचे होते. त्यातले एक, जेम्स हॉल, पुढे 1898 मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्याच्या सेवेत राहिले आणि जीवाश्मांवरचे जाडजूड खंड राज्याच्या पैशातून काढत राहिले. कॅलिफोर्नियात 1860 मध्ये जोसाया व्हिटनी राज्य भूवैज्ञानिक झाले. विज्ञानाच्या दृष्टीने त्यांचे काम उत्तम होते, विल्यम ब्रूअर आणि क्लॅरेन्स किंग यांच्यासारखे लोक त्यांच्या चमूत होते. पण सोन्याच्या शिरांची वाट पाहणाऱ्या विधिमंडळापुढे त्यांनी 1864 मध्ये पहिला खंड ठेवला तो जीवाश्मांचा. निधी आटला आणि 1874 मध्ये सर्वेक्षण बंद झाले. 1880 मध्ये राज्याने नवे कार्यालय काढले ते ‘स्टेट मायनिंग ब्युरो’ या नावाने. जीवाश्मांचे खंड दोघांनीही काढले. फरक इतकाच की हॉल यांच्या राज्यात सर्वेक्षणाने व्यवहाराच्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले होते.

‘स्टेटमॅप’मध्ये केंद्र पैसे देते, मग राज्याला निधीची ओरड का?
— वाचक, केंटकी

कारण केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने एक डॉलर दाखवायचा असतो. 1992 च्या राष्ट्रीय भूवैज्ञानिक नकाशांकन कायद्यातून आलेली ही योजना आहे. समजा, 2,00,000 डॉलर मागितले, तर राज्याकडचा तेवढाच खर्च हिशेबात हवा. तो रोख असलाच पाहिजे असे नाही. नकाशावर काम करणाऱ्या भूवैज्ञानिकाचा पगार, गाडी, प्रयोगशाळेतली कामे चालतात. पण तो पैसा केंद्राच्या दुसऱ्या अनुदानातला नको.

इथेच गणित फसते. जुने नमुने आणि नोंदी जपण्यासाठी केंद्राची दुसरी योजना आहे, तिलाही एकास एक वाटा लागतो. एकाच भूवैज्ञानिकाच्या पगाराचे तेच तास दोन्हीकडे दाखवले की लेखापरीक्षणात एक हिस्सा नामंजूर होतो आणि पैसे परत करावे लागतात. म्हणून प्रत्येकाच्या तासांची नोंद प्रकल्पानुसार आठवड्याला व्हावी, वर्षअखेरीला आठवून लिहू नये. दुसरा घोळ निवृत्तीचा. ज्याचा 90,000 डॉलर पगार वाटा म्हणून धरला तो वर्षाच्या मध्यात गेला आणि पद गोठले, तर राज्याचा वाटा 45,000 डॉलरने कमी पडतो आणि केंद्राचेही तेवढेच पैसे हातून जातात. प्रस्तावात राखीव नाव ठेवणारे व्यवस्थापक यातून वाचतात. तिसरी बाब तारखांची: बहुतेक राज्यांचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते, केंद्राचे 1 ऑक्टोबरला. मंजुरी लांबली तर उत्तरेकडच्या राज्यांत क्षेत्रकामाचा मोसम बर्फात जातो.

आता कामाचे माप. 1:24,000 प्रमाणाचा एक क्वाड्रँगल, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, अक्षांश-रेखांशाच्या साडेसात मिनिटांचा असतो. 40 अंश अक्षांशाजवळ तो सुमारे 148 चौरस किलोमीटर भरतो. खडक उघडे असतील तर एका अनुभवी भूवैज्ञानिकाला त्यासाठी साधारण वर्ष द्यावे लागते, हिमनदीच्या गाळाने झाकलेल्या मुलखात बोअरही घ्यावे लागतात. शेजारचे दोन क्वाड्रँगल दोघांनी दहा वर्षांच्या अंतराने केले की सीमेवर रेषा जुळत नाहीत: एकाने जिथे दोन थर वेगळे धरले तिथे दुसऱ्याने एकच धरलेला असतो. यावर कागदावर तडजोड करून चालत नाही, दोघांनी सीमेवरच्या त्याच उघड्या खडकावर जाऊन उभे राहायला हवे. शिवाय नकाशासोबत ठरलेल्या साच्यातला डिजिटल डेटाबेस द्यावा लागतो. त्याला लागणारा वेळ प्रस्तावात धरलेला नसतो आणि मग शेवटचे दोन महिने त्यातच जातात.

तुमच्या केंटकीने हे काम एका दमात केले होते. 1960 ते 1978 या काळात यूएसजीएसच्या भागीदारीत राज्याचे सर्व 707 क्वाड्रँगल 1:24,000 प्रमाणावर पूर्ण झाले. ते कोळशासाठी आणि इतर खनिजांसाठी सुरू केले होते. पुढे वापर झाला तो पाणी, रस्ते, कचराभूमी आणि घरबांधणीसाठी. नकाशे वापरणाऱ्यांना विचारून 2000 मध्ये केलेल्या आर्थिक अभ्यासात त्यांचे मोल खर्चाच्या किमान 25 ते 39 पट निघाले. विधिमंडळापुढे निधी मागताना राज्य भूवैज्ञानिक आजही हा दाखला देतात, आणि तो द्यायलाच हवा.

ओक्लाहोमात भूकंप वाढत होते तेव्हा तिथल्या सर्वेक्षणाने विहिरी बंद का केल्या नाहीत?
— वाचक, ओक्लाहोमा

तो अधिकार सर्वेक्षणाकडे नाही. तेल आणि वायूसोबत वर येणारे खारे पाणी खोल विहिरींतून पुन्हा जमिनीत सोडतात. मोठा भाग आर्बकल या थरात जातो, आणि त्याखालच्या स्फटिकी खडकातल्या प्रस्तरभंगांवर (ज्या भेगांवर खडक सरकतात त्यांवर) दाब वाढतो. 2015 मध्ये राज्यात 3 किंवा अधिक तीव्रतेचे जवळपास 900 भूकंप झाले. त्याच वर्षी 21 एप्रिलला ओक्लाहोमा सर्वेक्षणाने जाहीर केले की यातले बहुसंख्य भूकंप पाणी सोडण्यामुळे होत असण्याची दाट शक्यता आहे. विहिरींवर अधिकार ‘कॉर्पोरेशन कमिशन’ या नियामकाचा. त्याने टप्प्याटप्प्याने पाण्याचे प्रमाण घटवायला लावले. 3 सप्टेंबर 2016 रोजी पॉनीजवळ 5.8 तीव्रतेचा भूकंप झाल्यावर परिसरातल्या विहिरी बंद करण्याचा आदेश आला तोही नियामकाकडून, आणि शेजारच्या ओसेज काउंटीत केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडून, कारण तिथे अधिकार तिचा. पुढे भूकंपांची संख्या उतरली.

तुम्ही विचाराल, की मग निष्कर्ष जाहीर करायला इतका वेळ का लागला. भूकंपमापकांचे जाळे विरळ असेल तर भूकंपकेंद्राची खोली नीट काढता येत नाही. खोली ठरल्याशिवाय कोणत्या थराशी संबंध आहे हे सांगता येत नाही. आणि विहिरीत रोज किती पाणी सोडले याचे आकडे महिन्याच्या सरासरीत मिळाले तर काळाचा मेळ बसत नाही. ही तिन्ही कारणे खरी आहेत. तरी आमचे स्पष्ट मत असे आहे की ज्या राज्याचा मोठा महसूल तेलातून येतो तिथल्या सर्वेक्षणाने अशा प्रसंगी काय, कधी आणि कोणाच्या सहीने जाहीर करायचे हे आधीच लिहून ठेवलेले असावे. संकट आल्यावर हा प्रश्न सोडवायला बसले की शास्त्रज्ञ एकटा पडतो.

कॅलिफोर्नियात घर घेतोय. एजंट म्हणतो की घर ‘फॉल्ट झोन’मध्ये आहे. म्हणजे घराखालून भेग जाते का? हे कोणी ठरवले?
— वाचक, बे एरिया

हे राज्य भूवैज्ञानिकाने ठरवले, कायद्याने दिलेल्या अधिकारात. 9 फेब्रुवारी 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपात जमीन फाटून तिच्यावरची घरे मोडली आणि पुढच्याच वर्षी आल्क्विस्ट-प्रिओलो कायदा आला. त्यानुसार राज्य सर्वेक्षण सक्रिय प्रस्तरभंगांभोवती पट्टे आखते. आधी प्राथमिक नकाशा निघतो, 90 दिवस हरकतींसाठी मिळतात, त्या राज्य खाण आणि भूविज्ञान मंडळाकडे जातात, मग अधिकृत नकाशा येतो.

पट्ट्यात घर असणे म्हणजे घराखाली भेग असणे नव्हे. मोठ्या प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 500 फूट आणि ठळक लहान भंगांना 200 ते 300 फूट अंतर सोडून पट्ट्याची हद्द आखतात. शिवाय 1:24,000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 12 मीटर रुंद असते. रेघ घराच्या या बाजूला की त्या, हे मोबाइलवर नकाशा मोठा करून ठरत नाही. त्यासाठी आडवा चर खणून थर पाहावे लागतात.

तुम्ही असे करा. विक्रेत्याने नैसर्गिक संकटांचे प्रकटन देणे बंधनकारक आहे, ते मागा. राज्य सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून द्रवीकरणाचे (भूकंपात ओली जमीन पातळ होण्याचे) आणि दरडींचे पट्टेही पाहा, ते 1990 च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. मग शहराच्या बांधकाम विभागात त्या जागेचा किंवा शेजारच्या प्लॉटचा भूवैज्ञानिक अहवाल आहे का विचारा. मंजूर अहवालाची प्रत 30 दिवसांत राज्य भूवैज्ञानिकाकडे जमा करायची असते, त्यामुळे शहरात सापडला नाही तर तिथे मिळू शकतो. एक गोष्ट लक्षात असू द्या: एकट्या कुटुंबासाठी बांधलेल्या, दोन मजल्यांपर्यंतच्या लाकडी किंवा पोलादी सांगाड्याच्या घराला, ते चार किंवा अधिक घरांच्या प्रकल्पाचा भाग नसेल तर, राज्याच्या कायद्यात अहवालातून सूट आहे. त्यामुळे अहवाल नाही याचा अर्थ धोका तपासून नाकारला असा होत नाही. विस्तार करायचा विचार असेल तर शहराचे नियम राज्यापेक्षा कडक आहेत का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

कॅन्ससचे लोक भर जानेवारीत विहिरी का मोजतात?
— वाचक, विचिटा

कारण तेव्हा सिंचनाचे पंप बंद असतात आणि पाणी आपल्या मूळ पातळीला येऊन स्थिरावलेले असते. राज्य सर्वेक्षण आणि कृषी खात्याचा जलसंपत्ती विभाग मिळून दर हिवाळ्यात सुमारे 1,400 विहिरींची पाणीपातळी मोजतात, बहुतेक हाय प्लेन्स जलधरातल्या (भूजल साठवणाऱ्या थरातल्या).

पोलादी टेपची जुनी पद्धत अजून चोख चालते. टेपचे शेवटचे काही फूट निळ्या खडूने घासायचे, टेप पाण्यात बुडेल इतकी खाली सोडायची, पूर्ण फुटाची खूण केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या नळाच्या) ठरलेल्या कडेवर धरायची आणि टेप वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचे. धरलेल्या आकड्यातून भिजलेला आकडा वजा केला की पाण्याची खोली. 180 फूट धरले, 7.42 फूट भिजले, तर पाणी 172.58 फुटांवर. लगेच दुसऱ्यांदा मोजायचे. दोन्हींत फुटाच्या शंभराव्या हिश्शाच्या एक-दोन घरांपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. केसिंगच्या आतल्या बाजूला ओघळणारे पाणी टेप वरूनच भिजवते, किंवा पंपाचे वंगणतेल पाण्यावर तरंगत असते आणि खडूवरची रेघ धूसर येते. अशा मोजमापावर शेरा लिहायचाच. केसिंगची कड कोणी कापून बुटकी केली असेल आणि ते नोंदवले नसेल, तर पुढची सगळी वर्षे तेवढ्याने चुकत जातात.

कोअर लायब्ररी सामान्य माणसाला पाहता येते का?
— निवृत्त शिक्षक, नॉर्थ डकोटा

येते, आधी वेळ ठरवून. तुमच्या राज्याची ग्रँड फोर्क्सला विद्यापीठाच्या आवारात आहे. कोणत्या विहिरीचा कोअर हवा ते कळवताना तिचा एपीआय क्रमांक द्या: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे, पुढचे पाच त्या विहिरीचे. नावावरून शोधू नका, नावे बदलतात. कोअर जड असतो: 63.5 मिमी व्यासाचा चुनखडीचा एक मीटर सुमारे साडेआठ किलो भरतो, म्हणजे 300 मीटरच्या एका बोअरचे अडीच टन. म्हणून गोदाम भरत आले की ‘जुने टाकून द्या’ असा आग्रह होतो. तोच बोअर आज पुन्हा घ्यायचा तर काय खर्च येईल तो आकडा संचालकाने अशा वेळी मेजावर ठेवावा. पेटी उघडलीत तर तुकडे उचलून परत ठेवताना वरचे टोक आणि खालचे टोक उलटू देऊ नका, आणि मधले खोली दाखवणारे ठोकळे हलवू नका.

मुलगी भूविज्ञानात एमएस करतेय. अशा सर्वेक्षणात नोकरीची तयारी कशी करावी?
— पालक, पुणे

आधी संस्था कोणत्या घराण्यातली ते तिने पाहावे, कारण अर्जाची वाटच वेगळी असते. विद्यापीठातल्या सर्वेक्षणाच्या जागा विद्यापीठाच्या भरती पानावर निघतात, खात्यातल्या जागा राज्याच्या नोकरभरतीच्या संकेतस्थळावर. व्हिसाच्या बाबतीतही फरक आहे: उच्च शिक्षण संस्थांना एच-1बीच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे. खात्यातल्या सर्वेक्षणाला ती मिळेलच असे नाही, संशोधन हे त्या कार्यालयाचे मूलभूत काम असल्याचे दाखवावे लागते. नियम आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी तिथल्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

अनेक राज्यांत व्यावसायिक भूवैज्ञानिकाचा परवाना लागतो. त्याच्या दोन परीक्षा आहेत, मूलतत्त्वांची आणि व्यवसायाची. पहिली पदवीनंतर लगेच देऊन टाकावी, अभ्यास ताजा असतो. दुसरीला काही वर्षांचा अनुभव लागतो आणि तो परवानाधारकाच्या देखरेखीखाली झालेला असावा, तेव्हा वरिष्ठाकडे परवाना आहे का हे नोकरी घेतानाच पाहायचे.

फील्ड कॅम्प, म्हणजे क्षेत्रकामाचे शिबिर, टाळू नये. वाहन चालवता येणे आणि तिथला परवाना असणे ही मामुली वाटणारी अट अनेक अर्ज अडवते, क्षेत्रावर एकटीला जावे लागते. आणि अर्जासोबत तिने स्वतः काढलेला एक नकाशा जोडावा: प्रमाण, सूची, एक छेद, आणि खात्री असलेली रेषा सलग, अंदाजाची तुटक, झाकलेली ठिपक्यांची. निवड समितीतला अनुभवी माणूस आधी तुटक रेषा शोधतो. सगळ्याच रेषा सलग असल्या तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, त्याची तयारी करून जावी.